मान, गळा आणि चिक्कव्वाचा आवाज

आईची धाकटी बहीण, म्हणजे आमची चिक्कव्वा, लग्न होऊन उज्जैनला गेली त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. माहेर बेळगावजवळच्या खेड्यातलं, घरात कन्नड. सासर फ्रीगंजमधलं मराठी. शिंद्यांच्या काळात माळव्यात गेलेली अनेक मराठी घरं तिथं अजून नांदताहेत, त्यांतलंच हे एक. शेजारीपाजारी हिंदी-माळवी, देवघरात मराठी आणि दर रविवारी आईशी फोनवर कन्नड, असा तिचा तीन भाषांचा संसार.

मागच्या हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. गळ्यावर पुढच्या बाजूला एक गाठ वाढत होती. थायरॉईडची, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या अवटू ग्रंथीची. मी आईला घेऊन गेलो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी चिक्कव्वा म्हणाली, "उद्यापासून काय गिळता येईल कोण जाणे. चल, टावरवर जाऊन येऊ." टावर म्हणजे टावर चौक. फ्रीगंजच्या मधोमध घड्याळाचा मनोरा, भोवती खाण्याच्या गाड्या आणि संध्याकाळी पोराबाळांची गर्दी.

किती वाजले ते बघायला मी मान वर केली आणि मानेतून अशी कळ आली, की हातातला द्रोण पडता पडता वाचला. चिक्कव्वा पोट धरून हसली. "अरे, ऑपरेशन माझं आहे की तुझं?"

दोष माझाच. वीस वर्षं उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन तपासतो आहे. आपल्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. डोकं सरळ असलं तर तेवढाच भार मानेवर पडतो. पुढं वाकलं की तो वाढत जातो. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचं गणित मांडलं. मान साठ अंशांत वाकवली तर भार सत्तावीस किलोच्या घरात जातो. म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त ओझं आपण मोबाईल बघताना फुकट वाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन आले. बोलके गृहस्थ. मी प्राध्यापक आहे हे कळल्यावर त्यांनी कागदाच्या पाठीवर मानेचं चित्रच काढून दाखवलं. मानेत मणके सात. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच! पहिल्या मणक्यावर कवटी टेकलेली असते, तिथं आपण "होय" म्हणून मान हलवतो. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते, तिच्याभोवती पहिला मणका फिरतो, ते आपलं "नाही". आमच्या सीमाभागात होकारालाही मान दोन्ही बाजूंना डोलते, ती कुठल्या मणक्यावर, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

मणक्यांच्या पुढं अन्ननलिका, तिच्या पुढं श्वासनलिका, तिच्या माथ्यावर स्वरयंत्र. पुरुषांच्या गळ्यावर दिसणारा कंठमणी म्हणजे याच स्वरयंत्राची पुढची कड. त्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून फुलपाखरासारखी थायरॉईड, वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. तिच्या पाठीशी तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार ग्रंथी, रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवणाऱ्या. दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या. एवढ्याशा जागेतून अन्न, हवा, रक्त, आवाज आणि मेंदूचे सगळे निरोप ये-जा करतात. घाटातल्या अरुंद रस्त्यासारखी ही जागा.

मग डॉक्टरांनी पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली. "आम्हाला भीती हिची." आवाजाच्या पडद्यांना हलवणारी ही नस. मेंदूकडून निघते ती सरळ स्वरयंत्रात जात नाही. डावीकडची तर छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढते. चढताना जाते ती थेट थायरॉईडच्या मागून. गाठ काढताना तिला धक्का लागला तर आवाज बसतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत, महिन्यांत परत येतो. क्वचित कुणाचा येत नाही.

चिक्कव्वा ऐकत होती. ती भजनी मंडळात गाते. मराठी अभंग म्हणते आणि आग्रह झाला की पुरंदरदासांची पदंही. तिनं फक्त विचारलं, "पट्टी खाली आली तर चालेल, पण आवाज राहील ना?" डॉक्टरांनी पोकळ आश्वासन दिलं नाही. "जपून करू," एवढंच म्हणाले.

नर्सनं गळ्यातलं काढायला सांगितलं तेव्हा तिचा हात थबकला. मंगळसूत्र काकांनी घेतलं, रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पुढचे तीन तास दर थोड्या वेळानं खिसा चाचपत बसले.

बाहेर बाकावर बसून मला कुमार गंधर्व आठवत होते. तेही आमच्याच भागातले. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत, कन्नड घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकली. क्षयरोग झाला म्हणून कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला गेले. उज्जैनहून देवास तासाभराच्या वाटेवर. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. ज्याचा जीव गळ्यात, त्यानं वर्षानुवर्षं गप्प पडून राहायचं! त्या काळात ते माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकत राहिले. १९५३च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले तेव्हा श्वास तोकडा पडला होता, पण गाणं निराळंच उमललं होतं. १९९२ साली देवासलाच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांचा आजार फुप्फुसाचा, चिक्कव्वाची गाठ गळ्याची. तरी वाट पाहणं सारखंच, असं मला त्या बाकावर वाटलं.

शुद्धीवर आल्यावर तिचे ओठ हलले. आवाज नव्हताच, वाराच होता नुसता. काकांना कळेना. आई वाकली आणि म्हणाली, "नीरु मागतेय. पाणी." चाळीस वर्षं मराठी बोललेल्या घशातून पहिला शब्द आला तो कन्नड.

आम्ही परतलो. रविवारचे फोन चालू राहिले, पण वेगळ्या रीतीनं. आई एकटीच बोलायची, चिक्कव्वा फोनवर नख वाजवायची. एकदा म्हणजे "हौदु", दोनदा म्हणजे "इल्ल". आई फोन ठेवून स्वयंपाकघरात जायची आणि उगीचच भांडी घासत राहायची.

मराठीत आपण किती शब्द करून ठेवले आहेत! वळते ती मान, हार पडतो तो गळा, बसतो तो घसा, दाटतो तो कंठ. कन्नडमध्येही कुत्तिगे वेगळी, कोरळु वेगळा, गंटलु वेगळा. आणि मराठीत मान म्हणजे इज्जतसुद्धा. शरीराचा हा चार बोटांचा भाग दोन्ही भाषांनी इतका का जपला, ते त्या नखांच्या आवाजानं मला शिकवलं.

नवव्या आठवड्यात फोन आईनं उचलला आणि पलीकडून घोगरा, पण स्पष्ट आवाज आला, "अक्का!" आई काही बोललीच नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दनि बंतु." आवाज आला.

वरचे सूर अजून लागत नाहीत. भजनात चिक्कव्वा आता खालच्या पट्टीत म्हणते, बाकीच्या बायका तिच्यासाठी खाली उतरतात. ऑपरेशनचा व्रण डॉक्टरांनी गळ्याच्या वळीतच घेतला आहे, मंगळसूत्राखाली तो दिसतही नाही.

वाचकहो, गळ्यावर गाठ दिसली, किंवा बसलेला आवाज तीन आठवडे सुटला नाही, तर घरगुती काढ्यांवर दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि उत्तरपत्रिका टेबलावर ठेवून तपासा. मी आता तसंच करतो. पुढच्या खेपेला टावर चौकात चिक्कव्वासमोर मला मान वर करून वेळ बघायची आहे, कळ न येता.