बोटी किनाऱ्याला, पाऊस अजून वाटेत

हर्णे बंदरात घरच्या घरी गिटार रेकॉर्ड करायची, तर वर्षातले चार-सहा दिवसच हाती लागतात. १ जूनला मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. पाऊस कोकणात उतरायला जूनचा पहिला आठवडा तरी जातो. तेवढ्या फटीत इंजिनं गप्प असतात आणि कौलांवरही काही पडत नसतं. एरवी पहाटेपासून डिझेलची धडधड, बर्फ फोडायचं यंत्र, संध्याकाळी लिलावाचा गलका आणि टेम्पोंचे हॉर्न. पाऊस सुरू झाला की कौलं बोलायला लागतात, ती पार गणपतीपर्यंत.

म्हणून गेल्या वर्षी २ जूनलाच माजघर ताब्यात घेतलं. दोन कंडेन्सर माइक होते, एक नवा, एक पुण्याच्या मित्राकडून घेतलेला जुना. जांभ्याच्या भिंती, वर गिलावा, खाली गुळगुळीत फरशी. टाळी वाजवली की ‘टण्ण’ करून परत यायची. बाबा म्हणाले, माळ्यावर जुनं जाळं आहे, ते लाव की. लावलं. जाळ्यातून मासा सुटत नाही, आवाज मात्र सगळा सुटतो. शेवटी आईच्या चार गोधड्या वळणीवर टाकल्या, दोन समोर आणि दोन पाठीमागे. मग कुठे टाळी कोरडी झाली.

फ्रीजची घरघर उरली होती. फ्रीज बंद केला.

एक माइक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर धरला. तिथे तारेचा खळखळाट आणि लाकडाचा आवाज यांचं बरं जमतं. साउंडहोलसमोर धरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. पण गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्‌झच्या आसपास घुमते आणि तिथे माइक धरला की सगळं गाणं घागरीत वाजवल्यासारखं होतं. दुसरा माइक ब्रिजच्या बाजूला, अंदाजाने जरा लांब ठेवला. एक डाव्या कानात, एक उजव्या. हेडफोनमध्ये ऐकलं तर गिटार माजघरभर पसरलेली. स्वतःवरच खूश झालो.

रात्री आईच्या मोबाइलवर लावलं. जुना फोन, एकच स्पीकर. आईने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “ही पाण्याखाली वाजतेय का रे? आणि मधले सूर कुठे गेले?”

खरंच गेले होते. पहिल्या तारेवरचा सातवा फ्रेट, बी, चालीत सगळ्यात जास्त येणारा सूर, तोच पोकळ. आधी फोनला दोष दिला. मग संगणकावर दोन्ही ट्रॅक एकावर एक ठेवून मोठे करून पाहिले. एकाच ठोक्याची लाट दुसऱ्या माइकवर जवळजवळ एक मिलिसेकंद उशिरा आलेली. आपल्या हवेत आवाज तेवढ्या वेळात साधारण ३५ सेंटिमीटर जातो. माझा दुसरा माइक नेमका तितकाच लांब होता. एक मिलिसेकंदाच्या फरकाने ५०० हर्ट्‌झचा आवाज बरोबर उलटा होऊन भेटतो. एक लाट वर, एक खाली. दोन कानांत वेगवेगळी असताना कळत नाही. एका स्पीकरमध्ये एकत्र आली की एकमेकींना खाऊन टाकतात. तो बी ४९४ हर्ट्‌झचा.

ट्रॅक उलटा करायचं बटण दाबून पाहिलं. बी परत आला आणि खर्ज गेला. म्हणजे गळती बुजवली ती दुसरीकडे उघडायला.

याच गडबडीत फ्रीज बंदचा बंद राहिला. ३१ मेला शेवटच्या फेरीची सुरमई घेऊन ठेवली होती. आता दोन महिने सुकटीवर काढायचे होते. सकाळी आईने दार उघडलं, मग झाकलं, आणि माझ्याशी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९३१ साली लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन या इंजिनिअरने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन माइक जवळजवळ एकाच जागी, पण तोंडं वेगळ्या दिशांना, ही कल्पना त्यात आहे. जागा एकच, म्हणून आवाज दोघांकडे एकदमच पोचतो. हे मी वाचलं होतं. पण दोन माइक इतके जवळ ठेवायचे म्हणजे एक फुकट घालवण्यासारखं वाटायचं. बाबांनी जाळं शिवायचा दोरा दिला. त्याचं एक टोक बाराव्या फ्रेटवर धरून दुसऱ्याने दोन्ही माइकची तोंडं मापली, ९० अंशांत एकमेकांवर आणली. पसारा जरा आक्रसला, पण फोनवर बी ठणठणीत.

दमट हवेने गिटार चढत होती. दर टेकआधी सूर लावावा लागे. ५ जूनला दुपारी ढग आले. वारा पडला होता, कावळेसुद्धा गप्प. बाबा ओटीवर पहारा देत होते. एका दमात पूर्ण चाल वाजवली.

त्या टेकमध्ये तिसऱ्या मिनिटाला ‘खट्’ असा आवाज येतो आणि मागोमाग बारीक घरघर. आईने फ्रीज चालू केलाय. परत टेक घ्यायचं तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि तासाभरात कौलं वाजायला लागली.