फ्लोरिडाची संत्री

संत्र्याच्या झाडाखाली लहानाची मोठी झालेल्या मुलीला अमेरिकेचा कायदा समजून घेण्यासाठी पुन्हा संत्र्याच्याच बागेत शिरावे लागेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. पण झाले खरे तसे!

आमचे गाव वरुड तालुक्यात. २०२३ चा आंबिया बहार बाबांनी व्यापाऱ्याला उक्ता दिला. त्या पैशातले पस्तीस हजार दादाजवळ होते. त्याच्या मोबाईलवर काही मंडळी रोज एका नव्या आभासी नाण्याचे गुणगान करीत. दादाला मोह होत होता, पण धीर होत नव्हता. मी तेव्हा बारावीत होते. १० जानेवारी २०२४ च्या सकाळी माझ्या मोबाईलवर एक चित्र आले. अमेरिकेच्या सरकारी आयोगाने बिटकॉइनला मंजुरी दिली, असे त्यावर लिहिलेले. मी तशीच गोठ्यात धावले आणि दादाला ते दाखवले.

"तुनं वाचलं न नीट?" दादा म्हणाला. "मंग काही भेव नाही."

संध्याकाळी पैसे गेले. पावसाळ्यात ते ॲप उघडेनासे झाले. बाबा रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी एवढेच विचारले, "मंग आता इचारायचं कोणाले?"

घरात शिकलेली मीच. उत्तर मीच द्यायला हवे होते. ते मला देता आले नाही. कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातल्या संगणकावर बसून शोधू लागले, ते याच प्रश्नापायी.

१९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. त्यानंतर १९३४ मध्ये तेथील संघ सरकारने सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन स्थापले. लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्याने आधी आपला सारा हिशेब उघड करावा, हे पाहणे त्याचे काम. पण शेअर, कर्जरोखा हे ओळखता येते. इतर सोंगांचे काय? येथेच संत्री येतात.

फ्लोरिडात हॉवी नावाची कंपनी होती. ती आपल्या संत्रावर्गीय बागांचे लहान लहान पट्टे विकायची. काही पट्टे तर एक एकराहूनही लहान. घेणारे बहुतेक परगावचे, त्यांना कलम कशाशी खातात हेही ठाऊक नसे. खरेदीबरोबर बहुतेक जण तिच्याच भावंड कंपनीशी दहा वर्षांचा मशागतीचा करार करीत. खत, फवारणी, तोडणी, विक्री सारे कंपनीकडे. फळे एकत्र व्हायची, आणि कंपनीच्या संमतीशिवाय मालकाला आपला माल विकण्यासाठी बागेत शिरण्याचाही हक्क नव्हता! हे मी एकदा जेवताना सांगितले तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. "सोताच्या बगीच्यात?" ते म्हणाले.

कंपनी म्हणे, आम्ही जमीन विकतो, शेअर नव्हे. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नाकारले. न्यायमूर्ती मर्फी यांचे ते निकालपत्र मी शब्दकोश घेऊन चार दिवसांत वाचले. फार मोठे नाही ते. सार असे की, माणूस सामाईक धंद्यात पैसा घालतो आणि नफ्याची आशा दुसऱ्याच्या कष्टांवर ठेवतो, तेव्हा कागदावर काहीही लिहिलेले असो, ती गुंतवणूकच होय; कायदा तिला लागू.

आज अमेरिकेत आभासी नाण्यांवर जो वाद चालतो, तो या निकालाभोवती फिरतो. बिटकॉइनमागे कोणी हॉवी नाही. त्याला तेथील कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनने २०१५ मध्येच धान्यातेलासारखी वस्तू मानले. पण बाकीच्या हजारो नाण्यांमागे कोणीतरी बसलेला असतो. लोक नाणे घेतात ते त्याच्या कर्तृत्वाच्या भरवशावरच.

रिपल कंपनीविरुद्ध आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये खटला भरला. जुलै २०२३ मध्ये न्यायाधीश टोरेस यांनी निकाल दिला तो वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. नाणे तेच. पण मोठ्या संस्थांना थेट विकले तेव्हा तो गुंतवणुकीचा करार ठरला, आणि बाजारात अनोळखी गिऱ्हाइकांना विकले तेव्हा ठरला नाही. कारण? बाजारात घेणाऱ्याला आपला पैसा कोणाच्या खिशात जातो हेच ठाऊक नसते. युक्तिवाद चुकीचा म्हणण्याइतकी मी शहाणी नाही. पण ज्याच्यापाशी वकील आहेत तो छत्राखाली, आणि ज्याला समोरचा दिसतच नाही तो उघड्यावर, असे काहीसे झाले. दादाला तरी कुठे ठाऊक होते पैसे कोणाला दिले ते?

अमेरिकेच्या संसदेनेही मग हात घातला. ज्या नाण्यांचा भाव डॉलरशी बांधलेला असतो त्यांच्यासाठीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १८ जुलै २०२५ रोजी सही केली. प्रत्येक नाण्यामागे तितकीच रोकड किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे ठेवायचे, दरमहा तपशील जाहीर करायचा, कंपनी बुडाली तर त्या ठेव्यावर नाणेधारकाचा हक्क पहिला. बाबांच्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले सरळ उत्तर, पण तेही एका जातीच्या नाण्यापुरते. उरलेली नाणी दोन आयोगांत कशी वाटायची याचे विधेयक आदल्याच दिवशी प्रतिनिधिगृहात २९४ विरुद्ध १३४ मतांनी मंजूर झाले. कायदा व्हायला तेथे सिनेटही लागते. आपल्याकडे २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नफ्यावर ३० टक्के कर बसवला आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करू दिला नाही. असो.

आता त्या चित्राविषयी. ९ जानेवारी २०२४ रोजी कोणीतरी त्या आयोगाच्या 'एक्स'वरील खात्यात चोरून शिरले आणि मंजुरीची खोटी बातमी टाकली. अध्यक्ष गेन्सलर यांनी काही मिनिटांत ती खोटी असल्याचे सांगितले. तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. म्हणजे मी गोठ्यात धावले तेव्हा ती बातमी खोटी ठरून काही तास झाले होते. खरी मंजुरी दुसऱ्या दिवशी आली, तीही बिटकॉइनवर आधारलेल्या फंडांच्या खरेदीविक्रीला. आम्ही बिटकॉइनची शिफारस करीत नाही, असे गेन्सलर यांनी त्याच दिवशी स्पष्ट केले होते. आणि दादाच्या नाण्याचा तर या साऱ्याशी काडीचा संबंध नव्हता.

गेल्या वर्षीचा आमचा वार्षिक अंक दादाने जाहिरातींसकट वाचून काढला होता. यंदाचाही वाचील. ते चित्र खोटे होते, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.