बर्गंडीच्या द्राक्षवाटेनें

अठ्ठावीस वर्षें ज्या मनुष्यानें सायकलचा उपयोग केवळ घरापासून शाळेपर्यंत व शाळेपासून घरापर्यंत केला, त्यानें साठी उलटल्यावर फ्रान्स देशांत जाऊन द्राक्षमळ्यांतून सायकल हांकावी, हें ऐकून आमच्या आळींतील मंडळींनीं डोळे विस्फारले यांत नवल नाहीं. त्यांतून मी सुपारीच्या खांडापलीकडे व्यसन न जाणणारा. ज्या प्रांताचें नांवच मद्यावरून जगांत गाजलें तेथें मीं जाणें म्हणजे बहिऱ्यानें गाण्याच्या बैठकीस पुढें जाऊन बसण्यासारखें होतें. परंतु माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा लियों शहरीं नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून मी गेल्या ज्येष्ठांत तेथें गेलों, आणि 'काका, एक दिवस बोनला जाऊं. मोटार नको, सायकली भाड्यानें घेऊं' असा घाट त्यानेंच घातला. त्या दिवशीं माझ्या कोटाच्या खिशांत गांवाहून आलेलें दादांचें एक पत्र होतें. आठ दिवस तें मी नुसतें बाळगून होतों.

लियोंहून आगगाडीनें सुमारें दोन तासांत बोन येतें. गांव लहान, जुन्या तटाच्या आंत वसलेलें. बर्गंडीच्या ड्यूकचा दिवाण निकोला रोलें व त्याची पत्नी यांनीं सन १४४३ मध्यें येथें गोरगरिबांसाठीं एक रुग्णालय स्थापिलें. त्याचीं रंगीत कौलें उन्हांत अशीं चमकतात कीं, एखाद्या पैठणीचा पदर छपरावर वाळत घातला आहे असें वाटावें. सन १९७१ पर्यंत त्या जुन्या इमारतींत रोगी राहत असत. मला विशेष वाटलें तें निराळेंच. शतकानुशतकें भाविकांनीं मृत्युपत्रें करून या संस्थेस द्राक्षमळे अर्पण केले. आज ते सुमारें साठ हेक्टर भरतात, आणि त्यांच्या मद्याचा लिलाव सन १८५९ पासून होत आला आहे. आमच्याकडील देवस्थानाच्या इनामासारखाच हा प्रकार. देवाला भाऊबंद नसल्यामुळें त्याच्या जमिनीची वांटणी होत नाहीं, एवढें मनांत आलें आणि हात नकळत खिशाकडे गेला.

बोनच्या पश्चिमेस एका बागेजवळून जी वाट निघते तिला 'द्राक्षवेलींची वाट' असेंच नांव आहे. पोमार, व्होलने, म्यूरसो, प्युलिन्यी, शासान्य अशीं गांवें घेत ती सांतनेपर्यंत सुमारें बावीस किलोमीटर जाते. मळ्यांत काम करणाऱ्यांचीं यंत्रें आणि सायकली यांच्यासाठींच मुख्यतः ती असल्यामुळें मोटारींचा त्रास जवळजवळ नाहीं. उजव्या हातानें चालण्याची संवय नसल्यामुळें पहिल्या दोन वळणांवर मी चुकलों. पुतण्या मागून 'काका, उजवीकडे!' म्हणून ओरडला. पुढें मात्र वाट शांत झाली. चंडोलाचें गाणें, दूरच्या देवळांतील घंटा आणि माझ्याच सांखळीचा कुरकुर आवाज, याखेरीज कांहीं ऐकूं येईना.

द्राक्षमळा म्हटला कीं आम्हांस नाशिककडील मांडव आठवतो. वर पानांचें छत आणि खालीं लोंबणारे घोंस. येथें तसें नाहीं. वेल जेमतेम कमरेएवढा, तारांस बांधलेला, आणि ओळींतील अंतर सुमारें एक मीटर. एका हेक्टरांत दहा हजारांच्या आसपास वेल असतात म्हणे. इतक्या अरुंद जागेंतून गाडी कशी जाणार, हा माझा प्रश्न पोमारपुढें सुटला. चार उंच पायांवर उभें असलेलें एक यंत्र समोरून आलें; वेलांची ओळ त्याच्या पायांमधून जात होती आणि चालविणारा गृहस्थ हत्तीवरील माहुतासारखा वर बसला होता. वेल नुकतेच फुलले होते. द्राक्षाचें फूल इतकें बारीक कीं, तें फूल म्हणून डोळ्यांत भरत नाहीं. पण थांबून वांकलें तर एक अगदीं मंद सुवास येतो. फुलापासून तोडणीपर्यंत शंभर दिवस, असा तिकडील शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. आमच्या साहित्यशास्त्रज्ञांनीं सुलभ व मधुर काव्यास 'द्राक्षापाक' म्हटलें आणि कठीण काव्यास 'नारिकेलपाक'. तीस वर्षें मुलांस हें शिकविलें, परंतु द्राक्षाचें फूल मीं पहिल्यानेंच पाहिलें.

व्होलनेची चढण मला जड गेली. तेथें मी उतरलों व सायकल हातीं धरून चाललों. तेवढ्यामुळेंच जमिनीकडे नीट पाहतां आलें. सबंध टेंकडी पूर्वेकडे तोंड करून आहे. पायथ्याच्या सपाटीवरील मळ्यांचा माल सामान्य, थोडें वर गेलें कीं चांगला, आणि उतारावरील मधल्या पट्ट्यांतील उत्तमोत्तम, असा तेथील ढोबळ न्याय. कोठें चुनखडी अधिक, कोठें चिकण माती अधिक, यावरून चव बदलते. म्हणून प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र नांव व सीमा आहे. अशा तुकड्यास ते 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ तुकडे सन २०१५ मध्यें जागतिक वारसा म्हणून युनेस्कोनें मान्य केले. आमच्या कोंकणांतहि शेतास नांव असतें. पण तें सातबाराच्या उताऱ्यावर कोण लिहितो!

प्युलिन्यी व शासान्य या दोन गांवांच्या सीमेवर मोंराशे नांवाचा मळा आहे. पांढऱ्या मद्यांत त्याची योग्यता फार मोठी. त्याच्या कीर्तीमुळें दोन्ही गांवांनीं सन १८७९ मध्यें आपल्या नांवास त्याचें नांव जोडून घेतलें. एवढा प्रख्यात मळा, पण क्षेत्र केवळ आठ हेक्टर, आणि मालक पंधराहून अधिक! बोनच्या उत्तरेस क्लो द वूझो म्हणून दुसरा आहे, तो मठांतील साधूंनीं भिंत घालून राखलेला. तो सुमारें पन्नास हेक्टर, आणि आज त्याचे मालक ऐंशींच्या घरांत. राज्यक्रांतींत मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, आणि सन १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेनें मुलगे-मुली सर्वांस सारखा वांटा ठरविला. तेथें बापास आपल्या मुलांस सर्वस्वीं बेदखल करतां येत नाहीं. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेंत वडिलार्जित द्रव्यावर मुलाचा जन्मतःच हक्क सांगितला आहे, त्याची मला आठवण झाली; भेद एवढाच कीं, मिताक्षरेंत तो हक्क पुत्राचा आहे.

मोंराशेच्या दगडी भिंतीस सायकली टेंकून आम्हीं पाव, चीज आणि चेरी असा फराळ केला. जवळच एक वृद्ध गृहस्थ वेलाचे कोंवळे फुटवे तारांत खोंवीत होता. पुतण्याच्या मध्यस्थीनें मीं त्यास विचारलें, 'या ओळी कोणाच्या?' त्यानें पलीकडे बोट दाखविलें. त्याच्या ओळी आजीकडून आलेल्या, पुढच्या चुलतभावाच्या, त्यापुढच्या लग्नाच्या संबंधानें दुसऱ्या गांवीं गेलेल्या. 'मग बांध कोठें आहे?' म्हातारा हंसला. बांध नाहींच, टोंकाला एक दगड, एवढेंच. आमच्याकडे दर पावसाळ्यांत भावाचा बांध चार बोटें कोरणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत, म्हणून पुन्हा विचारलें, 'तंटे होत नाहींत?' तो म्हणाला, 'होतात. पण मळ्याचें नांव बदलत नाहीं.' त्यानें आम्हांस आपलें मद्य देऊं केलें. मीं हात जोडले. तेव्हां आंत जाऊन त्यानें काळसर बोरांएवढ्या कासी नांवाच्या फळाचें सरबत आणून दिलें. हें फळहि त्याच प्रांतांतलें, आणि सरबत आमच्या कोकमाच्या जवळपासचें.

परततांना पुतण्यानें क्लो द तार या मळ्याची हकीकत सांगितली. तो साडेसात हेक्टरांचा. सन ११४१ पासून त्याचा तुकडा म्हणून कधीं पडला नाहीं. आठशें-नऊशें वर्षांत मालक केवळ तीन. आणि सन २०१७ मध्यें तो अखंड मळा एका कोट्यधीशाच्या मंडळीकडे विकला गेला. जमिनीचे भाव इतके चढले आहेत कीं, वारसाकर भरण्यासाठींच कित्येक कुटुंबांस जमीन काढावी लागते. कांहीं कुटुंबें आतां मंडळी स्थापून कागदावरील भाग वांटतात, माती वांटीत नाहींत.

आतां पत्राची गोष्ट. रत्नागिरीकडे आमचें वडिलोपार्जित चाळीस गुंठ्यांचें आगर आहे. माड, पोफळी आणि आजोबांनीं बांधलेलीं हापूसचीं अकरा कलमें. धाकट्या बंधूंस तें एका बांधकामवाल्यास विकावयाचें आहे, दादांस तसेंच ठेवावयाचें आहे, आणि दोघांनींहि माझ्या सहीची वाट धरली होती. सोबत दादांनीं एक हक्कसोडपत्राचा मसुदा पाठविला होता, तो ताईच्या सहीसाठीं. तो मीं वाचला होता आणि त्यांत मला वावगें कांहींच दिसलें नव्हतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

म्यूरसोच्या चौकांत पाणी पिण्यास थांबलों असतां मीं तें पत्र पुतण्यास दाखविलें. तो ज्यांचा मुलगा त्यांचाच तें विकण्याचा आग्रह. म्हणून आजवर संकोच होता. त्यानें तें दोनदां वाचलें व घडी घालून परत दिलें. 'काका,' तो म्हणाला, 'बाबा काय म्हणतात तें मला ठाऊक आहे, दादाकाकांचेंहि ठाऊक आहे. आत्या काय म्हणते?'

मला उत्तर देतां येईना. ताईचा वांटा महाराष्ट्रांत १९९४ पासून आणि सर्व देशांत २००५ पासून कायद्यानें आमच्याएवढाच आहे, हें मी वर्तमानपत्रांतून वाचून इतरांस समजावून देत आलों होतों. अकरा कलमांपैकीं दोन तिनें स्वतः पाणी घालून वाढविलेलीं. लहानपणीं मी घागर उचलण्याचा कंटाळा करीत असें आणि ती माझी खेप करी.

राहिलेली वाट आम्ही फारसें न बोलतां संपविली. ऊन तिरपें झालें होतें आणि ओळींच्या सावल्या रस्त्यावर फणीच्या दांतांसारख्या पडल्या होत्या. बोनला सायकली परत केल्या. गुडघे दुखत होते. गाडीस पाऊण तास अवकाश होता. स्टेशनाजवळच्या दुकानांतून मीं रंगीत कौलांचें चित्र असलेलें एक पोस्टकार्ड घेतलें आणि बांकावर बसून तें ताईस लिहिलें. चार ओळींपुरतीच जागा होती. 'आगराचें तुझ्या मनांत काय आहे तें कळव. तुझें उत्तर येईपर्यंत मी कशावरहि सही करीत नाहीं,' एवढें लिहिलें, आणि तिकिट लावण्यापूर्वीं पत्ता बरोबर आहे ना, हें पुतण्याकडून पाहून घेतलें.