न पाळलेलं सुतक

खरं-खोटं तपासणं हाच ज्याचा धंदा, अशा एका तरुणाची ही गोष्ट. जेमी कॉनवे न्यूयॉर्कमधल्या एका नामांकित नियतकालिकात नोकरीला आहे. लेख छपाईला जाण्याआधी त्यातलं प्रत्येक नाव, तारीख आणि आकडा पक्का करायचा, हे त्याचं काम. रात्री तो क्लब पालथे घालतो, कोकेन ओढतो आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी ऑफिस गाठतो. फ्रान्समधल्या निवडणुकीवरचा एक लेख त्याच्या टेबलावर येतो. त्याच्याकडून तो नीट तपासला जात नाही आणि नोकरी जाते. कादंबरी लिहायची आहे, पण ती कागदावर उतरत नाही. मॉडेल असलेली बायको सोडून गेली आहे, पण ऑफिसात त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. प्रेक्षकाला वाटतं, पोरगं बायकोच्या विरहात वाया चाललंय. मग बऱ्याच उशिरा कळतं, की वर्षभरापूर्वी त्याची आई कॅन्सरनं गेली. जगाची माहिती तपासणाऱ्या या माणसानं ती एक बातमी स्वतःपाशी कधी पक्की केलेलीच नाही.

‘ब्राइट लाइट्स, बिग सिटी’ हा चित्रपट एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. जे मॅकइनर्नीची त्याच नावाची कादंबरी १९८४ ची. पटकथाही त्यानंच लिहिली. तो स्वतः ‘द न्यूयॉर्कर’मध्ये तपासनिसाची नोकरी करून आलेला, त्यामुळे ऑफिसातले बारकावे अस्सल उतरले. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा दिग्दर्शक जॉइस चोप्रा होती. सुरुवातीलाच तिला बाजूला करून जेम्स ब्रिजेसला आणण्यात आलं. कॅमेरा ‘गॉडफादर’वाल्या गॉर्डन विलिसचा. जेमीच्या भूमिकेत मायकेल जे. फॉक्स, म्हणजे ‘बॅक टू द फ्यूचर’मधला सगळ्यांचा लाडका मुलगा. तिथेच चित्रपटाचं घोडं अडतं. त्याचा चेहरा इतका गोड, की रात्रभर जागून, नाक चोळत बसला तरी तो परीक्षेच्या ताणानं हैराण झालेला विद्यार्थीच वाटतो.

कादंबरी अथपासून इतिपर्यंत ‘तू’ म्हणत बोलते. तू इथे काय करतोयस, तू घरी का जात नाहीस, असं नायक स्वतःलाच विचारत राहतो. कॅमेऱ्याला असं ‘तू’ म्हणता येत नाही. त्याला दिसतो तो ‘तो’. त्यामुळे आतून येणारी टोचणी पडद्यावर बोथट झाली. तरीही पटकथा शिकवताना मी हा चित्रपट वगळत नाही, आणि त्याला कारण आहे आईच्या आजारपणाचा प्रसंग. आईचं काम डायन वीस्टनं केलं आहे. अंथरुणाला खिळलेली आई आणि तिच्या उशाशी बसलेला मुलगा. एरवी आई-मुलात ज्या गोष्टी निघत नाहीत, त्या ते बोलतात. क्लबांचा सगळा लखलखाट त्या एका खोलीपुढे फिका पडतो. कादंबरीत तर भाऊ येतो तोच आईच्या अस्थी विसर्जित करायच्या ठरल्यात म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं, तर वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि थोरला तोंड चुकवत फिरतोय.

अशा चित्रपटांना व्यसनाचे चित्रपट म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते ते टाळलेल्या सुतकाचे चित्रपट आहेत.

दोन्हींतला फरक पाहायचा, तर बिली वाइल्डरचा ‘द लॉस्ट वीकेंड’ (१९४५) शेजारी ठेवावा. त्यातही न्यूयॉर्क आहे आणि हाती काही न लागलेला लेखक आहे. डॉन बर्नम बाटली छतावरच्या दिव्यात लपवतो. दारूला पैसे हवेत म्हणून टाइपरायटर गहाण टाकायला निघतो, तर ज्यूंचा सण असल्यामुळे सावकारांची दुकानं बंद. लेखकानं आपलं हत्यार काखोटीला मारून बंद दारांसमोरून पाय ओढत जावं, यापेक्षा बोलकं दृश्य या विषयावर क्वचितच कुणी टिपलं असेल. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर त्याला मिळाले. पण त्यात कुणी गेलेलं नाही; डॉनची झुंज बाटलीशी आहे. बाटली सुटली की गोष्ट संपते. जेमीची गोष्ट कोकेन सुटल्यानं संपणार नाही, कारण ती कोकेनपासून सुरूच झालेली नाही.

आपल्याकडे हे दुखणं गुरुदत्तनं तीस वर्षं आधी ओळखलं होतं. ‘प्यासा’ (१९५७) मधला विजय हा कलकत्त्यात वणवण करणारा तरुण कवी. त्याची कवितांची वही भाऊ रद्दीत विकतात. आई गेल्याचं त्याला कळतं तेही भाऊ नदीकाठी क्रियाकर्म करताना दिसतात तेव्हा. त्यानंतर पटकथाकार अब्रार अल्वी त्याला घरी धाडत नाही, रडायलाही लावत नाही. मित्राच्या संगतीत विजय दारू पितो, कोठ्यावर जातो. तिथे आतल्या खोलीत आजारी बाळ रडतंय आणि बाहेर त्याची आई नाचते आहे. गिऱ्हाईक तिला जाऊ देत नाही. नुकत्याच आई गेलेल्या माणसापुढे अल्वी-गुरुदत्त नेमकी एक आई आणून उभी करतात. विजय उठतो आणि लडखडत वेश्यावस्तीच्या गल्लीतून चालू लागतो. त्या गल्लीतलं गाणं सामाजिक म्हणून गाजलं, ते आहेच. पण क्रम पाहिला, तर ते आई गेलेल्या मुलाचं गाणं आहे. व्ही. के. मूर्तींचा कॅमेरा तिथे जवळपास त्याच्या चालीनं चालतो.

पटकथेचं काम इथे स्पष्ट दिसतं. दुःख पडद्यावर नुसतं बसून राहू शकत नाही. त्याला हातपाय द्यावे लागतात. साहित्यात लेखक आतलं सांगू शकतो. सिनेमात माणूस काय करतो एवढंच दिसतं. म्हणून मरणाची बातमी कधी फोडायची आणि ती कळल्यावर पात्राच्या हाताला काय काम द्यायचं, या दोन प्रश्नांवर असा चित्रपट तरतो किंवा बुडतो. या कथा फार जुन्या आहेत. आजोळाहून परतलेल्या भरताला वडील गेल्याचं अयोध्येत पोचल्यावर कळतं, आणि चित्रकूटावरच्या रामाला ते भरताकडून कळतं. मग नदीवर जाऊन तर्पण. बातमीला उशीर आणि हाताला पाणी, दोन्ही तिथे आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९८७ मध्ये ‘ब्राइट लाइट्स’ चित्रित होत होता, त्याच काळात आमच्या घोलवड-बोर्डीच्या पलीकडे, उंबरगावच्या स्टुडिओत रामानंद सागर ‘रामायण’ मालिकेचं चित्रीकरण करत होते. ही सीमेपलीकडची अयोध्या बघायला जाणं हा या भागातल्या अनेकांसाठी सिनेमाचा पहिला धडा ठरला.

मराठीत या विषयाची कादंबरी अमेरिकेच्या वीस वर्षं आधी लिहिली गेली. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो. वसतिगृह, मेसची मॅनेजरी, गॅदरिंग, मित्रांचे चहा-सिगारेटी यांत बापाचे पैसे पाण्यासारखे वाहतात. इकडे गावी धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. मनीच्या मृत्यूची पानं वाचून हललेला नाही असा मराठी वाचक विरळा. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७४ मध्ये, किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ आली. कुशंक पुरंदरे हा मुंबईतला लेखक, आणि त्याची कहाणी काळाचा क्रम मोडून तुकड्यातुकड्यांत सांगितलेली. वाचताना ती थेट संकलकाच्या टेबलावरच तयार झाली असावी असं वाटतं. दोन्ही कादंबऱ्या आजही वाचल्या जातात, पण पडदा काही त्यांच्या वाट्याला सहजी आला नाही.

मराठी सिनेमानं दुःखाकडे पाठ फिरवली, असं मुळीच नाही. उमेश कुलकर्णीच्या ‘विहीर’ (२००९) मध्ये नचिकेत गेल्यावर समीर ज्या तऱ्हेनं त्याला शोधत राहतो, ते अपूर्व आहे. रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. त्यातला आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी तो गावी जातो. काय खायचं, कुठे बसायचं, पायात काय घालायचं नाही, हे सगळं नातेवाईक ठरवतात. लग्नाचा विषय काढायलाही त्यांना हीच वेळ सापडते. त्या बंधनांच्या फटींतून आनंद आणि बालमित्र बाळ्या यांचं प्रेम उमलतं. कानवडेनं इथे सुतकालाच कथानक केलं आहे: दहा दिवस, दहा नियम, आणि त्यांत अडकलेला माणूस.

तरी एक सवय सगळीकडे दिसते. मराठी कथेत चैन शहरात राहते आणि मरण गावाला. दोघांची गाठ घालायची, तर नायकाला एसटीत बसवावं लागतं.

डहाणू-तलासरी हा प्रदेश या सवयीत बसत नाही, म्हणून तो पटकथाकाराच्या कामाचा. चर्चगेटपासून डहाणू रोड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. २०१३ मध्ये लोकल इथपर्यंत आली आणि मुंबईत खोली घेऊन राहण्याऐवजी रोज जाऊन-येऊन नोकरी करणं अनेकांनी पत्करलं. तलासरीला रेल्वे नाही, महामार्ग आहे. त्या रस्त्यानं पुढे गुजरातची दारूबंदी आणि तिच्या कुशीत दमणची खुली दुकानं. म्हणजे चंगळ दोन्ही दिशांना आहे, पण रात्री परत यायचं ते आईच्याच घरी. जेमीला महिनोन्‌महिने जे लपवता आलं, ते इथल्या तरुणाला एक रात्रही लपवता येणार नाही. सुतक फिटलं की तो मुंडन केलेल्या डोक्यावर टोपी ओढून सकाळच्या लोकलला उभा राहतो. नेहमीचे डब्यातले लोक एकदा डोक्याकडे पाहतात, कोण गेलं ते विचारतात, आणि पालघर येईतो पत्त्यांचा डाव मांडतात. त्या डावात पानं कुणी वाटायची, एवढ्या एका प्रश्नावर चांगला प्रसंग उभा राहू शकतो.

आणि या मातीत ही गोष्ट एकदा खरोखर घडूनही गेली आहे. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढचं आयुष्य डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर गेलं. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्यानं मुलाचं बोलणं बंद झालं. सांगायचं असेल ते तो मातीत बोटानं चित्र काढून सांगायचा. वारल्यांमध्ये भिंतीवरचं चित्र, म्हणजे चौक, हे लग्नाचं काम, आणि तो लिहायचा अधिकार सवाशिणींचा. म्हसे पुरुष, तेही लग्नकार्य नसताना रोज चित्र काढणारे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि म्हशांची चित्रं भिंतीवरून कागदावर नि कापडावर आली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचं गाजलेलं ‘मॅजिसियां द ला तेर’ प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र जवळून पाहावं. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला आणि पांढरा रंग, एवढाच संसार. जाळ्याचा एकेक फास बारीक रेघांनी विणत नेलेला, इतका दाट की काही ठिकाणी मातकट पार्श्वभूमी दिसेनाशी होते. खाली माणसं, होडी, मासे अगदी लहान. शेकडो वेळा तीच हालचाल करणारा हात त्या चित्रात स्पष्ट दिसतो. आई गेली, शब्द गेले, पण हाताला काम राहिलं. विजयला आणि जेमीला त्यांच्या पटकथाकारांनी शहरभर हिंडवून जे शोधायला लावलं, ते या मुलाला पाड्यावरच्या धुळीत सापडलं होतं. न बोलणारा नायक, मातीत चित्र काढणारं बोट, मग परगावाहून आलेला एक चित्रकार आणि त्याच्याकडचा कोरा कागद. पटकथेला लागतं ते सगळं यात आहे आणि ते डोळ्यांना दिसणारं आहे.

‘ब्राइट लाइट्स’च्या शेवटी जेमी पहाटे रस्त्यात आपला महागडा गॉगल देऊन बदल्यात ताजा पाव घेतो. आईच्या स्वयंपाकघराशी त्या वासाचं नातं आहे. प्रसंग उत्तम आहे, पण येतो चित्रपट संपताना. माझ्या मते चूक तिथे आहे. हाताला काम इतकं उशिरा मिळालं, तर मधला दीड तास नुसता धूर आणि आरसे उरतात. ‘प्यासा’नं ते काम मध्यावर दिलं, ‘साबर बोंडं’नं पहिल्या दिवसापासून, म्हणून ते दोन्ही चित्रपट सरस.

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड इथली मुलं आता मोबाइलवर लघुपट करतात. त्यांतले बरेच पाहायला मिळतात आणि अनेकांत नायक बारमध्ये बसून एका माणसाची आठवण काढत असतो. त्यांना एक विनंती आहे. बार राहू द्या, दमणही राहू द्या. पण कोण गेलं ते प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळू द्या, आणि त्यानंतर नायकाच्या हातात ग्लासाखेरीज आणखी काहीतरी द्या.