ओहोटी लागल्यावर

उल्हास नदीच्या खाडीकाठी, मोठागावच्या रेतीबंदरावर भरतीच्या वेळी उभं राहिलं, की जलपर्णीचे पुंजके कल्याणच्या दिशेनं, म्हणजे उलटे, वर चढताना दिसतात. समोर माणकोलीला जाणारा नवा पूल. त्याचे खांब पाहताना मला मी आराखडा केलेला पहिला खाडीपूल आठवतो.

त्या पुलासाठी मी एकच प्रसंग तपासला होता: मोठा पूर आणि ऐन उधाणाची भरती. पाणी सर्वांत उंच तेव्हाच चढतं, पुलाची उंची त्यावरून ठरते. वरिष्ठांनी कागद चाळले आणि विचारलं, “आणि ओहोटी लागल्यावर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरती पुराचं पाणी तुंबवते. पातळी वाढते, पण वेग मंदावतो. ओहोटी लागली, की तुंबलेलं पाणी आणि डोंगरातून अजून येतच असलेलं पाणी मिळून समुद्राकडे धावतं. काठावरचे लोक ‘पाणी उतरलं’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि त्याच वेळी खांबांच्या बुडाशी भोवरे तळ खरवडत असतात. मी हिशेब पुन्हा मांडला. पाया बराच खोल न्यावा लागला.

भोवऱ्यांनी खांबाच्या बुडाशी पाडलेला खड्डा लबाड असतो. पूर ओसरताना तो गाळानं भरतो, दिवाळीनंतर मोजायला जावं तर तळ जागच्या जागी. त्यात रेतीउपशानं तळ आधीच खचलेला असेल, तर जुन्या नकाशावर विसंबणं धोक्याचं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हापासून पाण्याखालची तपासणी मी कोणाला टाळू देत नाही.

राहिला पाऊस. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. पूल शंभर वर्षं टिकला, तर तसा पूर एकदा तरी पाहण्याची शक्यता 63 टक्के. तीही पाऊस पूर्वीसारखाच पडत राहिला तर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उल्हासनं बदलापूर-कल्याणच्या वस्त्या बुडवल्या. असा आकडा अपवाद म्हणून वगळला, की आलेख सुबक दिसतो. मी तो वगळत नाही. समुद्राची पातळीही चढते आहे, म्हणून भरतीची रेघ थोडी वर ओढूनच हिशेब सुरू करतो.

कर्जतकडे मुसळधार पाऊस लागल्याचं कानावर आलं, की मी आधी ओहोटीची वेळ पाहतो.