कोड म्हणजे निकाल नव्हे

गाडीत इंजिनचा पिवळा दिवा पेटतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, कोड वाचतो, कोडवरून जो पार्ट आठवतो तो बदलतो आणि बिल हातात देतो. आपल्याकडे यालाच निदान म्हणतात. आमचे म्हणणे असे की हे निदान नव्हे. कोड म्हणजे फक्त तक्रारीची नोंद आहे. तपास पुढे व्हायचा असतो.

संगमनेरमध्ये आम्ही काही कार्यकर्ते मिळून एम एच 17 पासिंगची एक जुनी पेट्रोल गाडी चालवतो. अकोले तालुक्यात बैठकीला जायचे असो की रात्री एखाद्या पेशंटला नाशिकला न्यायचे असो, पेट्रोल वर्गणीतूनच पडते. या गाडीचे अ‍ॅव्हरेज पंधरावरून दहावर आले. सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला, चंदनापुरी घाटात गाडी दम टाकू लागली. स्कॅनरवर कोड आला पी 0172, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. गॅरेजमध्ये लगेच सांगण्यात आले, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाका." खर्च काही हजारांचा होता.

आम्ही एकच प्रश्न विचारला. ऑक्सिजन सेन्सर करतो काय? तो धुराच्या पाइपात बसतो आणि जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. पेट्रोल तो सोडत नाही. मग जास्त पेट्रोल जळतेय हे ज्याने सांगितले, तोच दोषी कसा?

आमच्यात आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलेला एक तरुण आहे. त्याने आधी या सेन्सरचीच परीक्षा घेतली. चालू इंजिनची व्हॅक्यूमची एक बारीक नळी क्षणभर काढून जास्तीची हवा आत जाऊ दिली. सेन्सरचा व्होल्टेज लगेच खाली आला, नळी लावताच वर गेला. म्हणजे सेन्सर जिवंत होता आणि खरे बोलत होता.

मग त्याने स्कॅनरवर बाकीचे आकडे पाहिले. इंजिन पूर्ण तापलेले, रेडिएटरचा वरचा पाइप हाताला चटका देणारा, डॅशबोर्डवरचा काटाही मधोमध. त्या काट्याला या गाडीत वेगळा सेन्सर आहे. पण कॉम्प्युटरला मिळणारे कूलंटचे तापमान होते 45 अंश! इंजिन अजून गार आहे असे समजून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत होता.

दोष सेन्सरचा की वायरचा, हेही तपासायला हवे होते. सेन्सरचा सॉकेट काढून त्याच्या दोन वायरी छोट्या तारेने जोडल्या, तर स्कॅनरवरचे तापमान एकदम टोकाला गेले. म्हणजे वायरिंग आणि कॉम्प्युटर ठीक. इंजिन गार झाल्यावर सेन्सर काढून 80 अंशांच्या पाण्यात धरला. अशा सेन्सरचा रेझिस्टन्स उष्णता वाढली की कमी होतो. खोलीच्या तापमानाला साधारण दोन हजार ओहम, 80 अंशांना सुमारे तीनशे. आमचा हजाराच्या खाली उतरेना. गार असताना तो बरोबर बोलायचा, तापल्यावर खोटे. तो पूर्ण तुटलेला नसल्यामुळे त्याच्या नावाचा कोड कधी आलाच नाही. काही शे रुपयांत नवा बसला, धूर थांबला.

मित्रांनो, ही फक्त गाडीची गोष्ट नाही. वस्तीत पाणी येत नाही असा अर्ज करणाऱ्या पोरालाच गावात भांडखोर ठरवतात. पाणी कुठे अडले ते कुणी बघत नाही. तक्रार ज्याच्या तोंडून आली त्यालाच बदलायचे, ही सवय व्यवस्थेच्या अंगात मुरलेली आहे. खोटी माहिती पुरवणारा मात्र शांत बसलेला असतो, कारण त्याच्या नावाने कुठेच नोंद नसते.

बाबासाहेब 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घेण्याची मागणी होती. यंत्राचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याला कुणी सहज फसवू शकत नाही. आज आपली कितीतरी पोरे गॅरेजात राबतात, पण त्यांच्या हातात पाना असतो आणि मल्टिमीटर मालकाच्या कपाटात. पाना घाम मागतो, मल्टिमीटर विचार मागतो. आपल्या पोरांच्या वाट्याला फक्त घाम का यावा?

म्हणून आमचे सांगणे आहे. प्रत्येक वस्तीत दोन-चार तरुणांनी तरी मल्टिमीटर चालवायला शिकावे. आणि कुणी पार्ट बदला म्हटले की तीन प्रश्न विचारावेत : हा पार्ट बिघाड करतो की बिघाड सांगतो? तो खराब आहे हे मोजून पाहिले का? वायर तपासली का? मोजल्याशिवाय कुणाला दोषी ठरवायचे नाही, मग तो वीतभर सेन्सर असो की अर्ज घेऊन उभा राहिलेला माणूस.