कॉन्टेसाच्या पुढच्या स्प्रिंगा

आपल्या इंदूरच्या मराठी घरांच्या आठवणींत वाडे, गणपती, रामबाग, राजवाडा सगळं येऊन गेलंय. मी आज गाडीबद्दल लिहितेय, आणि तेही तिच्या पुढच्या दोन स्प्रिंगांबद्दल. तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलंय, त्यामुळे मधे थोडं गणित येईल. नको असेल तर तेवढं गाळा.

आमच्याकडे कॉन्टेसा क्लासिक आहे, पांढरी, 1.8 लिटर पेट्रोल. गाडी बनायची बंगालात उत्तरपाड्याला, पण तिचं इसुझूचं इंजिन आपल्या पिथमपूरचं. म्हणून बाबा तिला "अर्धी माहेरची" म्हणायचे. घराणं मूळचं इंग्लंडचं, व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं. लांब बॉनेट, रुंद अंग, त्यामुळे आजकालची मुलं हिला भारताची मसल कार म्हणतात. आता खरी अमेरिकन मसल कार म्हणजे 1964 ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, 325 अश्वशक्तीची. आणि पहिल्यावहिल्या कॉन्टेसात अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, 50 अश्वशक्तीच्या आसपास. पण ऐट होती हो! आमच्या गल्लीत ती वळली की लोक ओट्यावरून उठून बघायचे.

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. गाडी शेडमध्ये होती, मी आठवड्यातून एकदा चालू करायची. मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली बुडणाऱ्या जागी बसायचं नाही, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकता कामा नये. आई एक्क्याऐंशीची. तिचं एकच म्हणणं, एकदा महेश्वरला जाऊन नर्मदेत पाय घालायचे, आणि जायचं ते "ह्यांच्या गाडीतून". भाड्याची उंच गाडी करू म्हटलं तर उत्तरच द्यायची नाही.

तिची जागा म्हणजे पुढे डावीकडे. तिथे सीटचा फोम पार बसला होता, तो बदलला, निम्मं काम झालं. पण गाडीच डाव्या खांद्यावर झुकलेली. सपाट फरशीवर उभी केली, चारी चाकांत हवा सारखी भरली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरली. उजवीकडे 39 सेंटिमीटर, डावीकडे 37. रबरी बुश आणि बॉल जॉइंट आधी तपासून घेतले, कारण पुष्कळदा दोष तिथे असतो आणि बळी स्प्रिंगेचा जातो. मग स्प्रिंगा काढल्या. (हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. आमच्या उस्तादांनी चांगल्या कॉम्प्रेसरने काढल्या.) दोन्ही फरशीवर शेजारी उभ्या केल्या. डावी बोटभर आखूड.

इथून घरात मतं सुरू झाली.

उस्ताद म्हणाले, "दीदी, तार थोड़ी मोटी करवा लो, फिर बीस साल छुट्टी." भंगारवाल्याकडे एक जोडी होती, पण ती डिझेल कॉन्टेसाची निघाली. डिझेल इंजिन जड, त्याच्या स्प्रिंगा आपल्या हलक्या नाकाखाली घातल्या तर गाडी तोंड वर करून चालणार. एकाने कड्यांमध्ये रबरी गुटके ठोकायला सांगितलं, एकाने तापवून ताणून द्यायची तयारी दाखवली. तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं, चार महिन्यांत पुन्हा बसते. आणि माझा भाचा पुण्याहून फोनवर, "मावशी, उलट एक कडं कापून टाक. गाडी खाली बसली की काय दिसते बघ!" डिसेंबरात त्याचं लग्न. वरातीला ही गाडी हवी, आणि ती अमेरिकन फोटोतल्यासारखी जमिनीला चिकटलेली हवी.

आता गणित. बसलेली स्प्रिंग मऊ होत नाही, आखूड होते. तिचा कडकपणा ठरतो तारेची जाडी, कड्याचा व्यास आणि कड्यांची संख्या यांवर. वर्षानुवर्षं ओझं वाहिल्याने यातलं काही फारसं बदलत नाही, फक्त उंची जाते. म्हणजे आपल्याला हवी आहे उंची, कडकपणा नव्हे. तार जाड करणं हा दुसऱ्याच रोगाचा इलाज. जाडी चौथ्या घातात मोजली जाते. 14 मिलिमीटरची तार 15 केली तर वाढ एक मिलिमीटरची वाटते, स्प्रिंग मात्र साधारण 32 टक्क्यांनी कडक होते. प्रत्येक स्पीडब्रेकर थेट आईच्या खुब्यात. कडं कापण्याचंही तेच. आठ कामाच्या कड्यांतलं एक गेलं की उरलेली स्प्रिंग 14 टक्के कडक, वर गाडी खाली. आईच्या दृष्टीने दोन्हीकडून तोटा.

अमेरिकेत जुन्या मस्टँगवाल्यांचं बरं असतं. इंजिन सहा सिलिंडरचं की आठ, एसी आहे की नाही, हे सांगितलं की त्या वजनाची स्प्रिंग मिळते. आपल्याला करवूनच घ्यावी लागते. आणि करवताना मोठी गोम अशी, की कारखान्यात नमुना म्हणून बसलेली स्प्रिंग दिली तर ते तिची हुबेहूब नक्कल करतात, आखूडपणासकट. म्हणून आम्ही धर्मकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन घेतलं, आणि कारखानदाराला लांबी न सांगता हे सांगितलं की एवढ्या ओझ्याखाली स्प्रिंग एवढी उंच उभी राहिली पाहिजे. तार तीच, व्यास तोच, कडी तेवढीच. तो आधी हसला, मग वहीत लिहून घेतलं. दोन्ही बाजूंच्या एकदम केल्या. तयार झाल्यावर पाच-सहा वेळा पूर्ण दाबून बसवून घेतल्या, म्हणजे नंतर गाडीत जाऊन बसत नाहीत.

अजून एक, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळायचे. जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं. हे मी उस्तादांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ते जरा रागावले.

भाच्याला सांगितलं, वरात उंच गाडीतून निघेल. तो दोन दिवस बोलला नाही. मग ताईचा फोन, "अगं, गाडी आपल्या बाबांची, त्याला काय विचारायचं?" विचारायचं होतं ते आईला, आणि तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "मला आत बसता आलं पाहिजे. दिसू दे कशीही."

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा टेप धरली. उजवीकडे 40, डावीकडे 39 आणि अर्धा. तो अर्धा मी तसाच ठेवलाय.

मागच्या महिन्यात महेश्वरला गेलो. आई एका हाताने दार धरून स्वतः बसली. जाम घाटाच्या वळणांवर मी आरशातून कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. निम्मा घाट उतरल्यावर तिने दाराची मूठ सोडली, पदर नीट केला आणि म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा तू ब्रेक फार मारतेस."